खालचं अक्षर दिसलं पाहिजे

डॉ. सुमती अधिकारी यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या तांदळाची पिशवी वजनकाट्यावर ठेवत होत्या. त्याआधी मी रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत पॅकिंगला होतो, तिथली शिफ्ट बंद झाली आणि मी घरी बसलो. पेणमध्ये कोणीतरी सांगितलं, त्या बालरोगवाल्या बाईंना मोटरसायकल चालवणारा आणि अक्षर बरं असलेला माणूस हवाय. गेलो. बाईंनी शिक्षण विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाल्या, "ही पिशवी तीन वेळा तोला आणि तीन वेळा लिहा."

तोलली. तिन्ही वेळा काटा थोडा थोडा वेगळा पडला. आता आली का पंचाईत! नोकरी जाईल म्हणून मी पहिले दोन आकडे गिरगटून गिरगटून काळे केले आणि तिसरा ठसठशीत लिहिला. बाईंनी वही हातात घेतली आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "म्हात्रे, आमच्याकडे खोडायचं नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची. खालचं अक्षर दिसलं पाहिजे. शेजारी सही आणि तारीख. आणि ज्यानं लिहिलं त्यानंच रेघ मारायची, दुसऱ्यानं नाही."

नोकरी मिळाली. नियम मात्र मला तेव्हा कळला असं म्हणवत नाही.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. समितीने मला लिहायला सांगितलं. पत्रात माझा उल्लेख 'ज्यांच्या काटेकोर नोंदींवर बाईंचं संशोधन उभं राहिलं ते विश्वासू सहकारी' असा आहे. ते वाक्य वाचल्यापासून मला जेवण गोड लागेना. आधी बाईंच्या कामाबद्दल सांगतो, मग त्या वाक्याकडे येतो. टाळणार नाही. आजवर पुष्कळ टाळलं.

बाईंचं काम प्रेडर-विली नावाच्या दुर्मिळ आजारावर. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. त्यांतल्या पंधराव्या जोडीतला, बापाकडून आलेला एक बारकासा तुकडा या मुलांत नसतो किंवा मुका असतो. जन्मतः मूल कापडासारखं ढिलं असतं, रडतं तेही मांजरीच्या पिलासारखं, धड दूध ओढत नाही. घरचे म्हणतात, काय अशक्त पोर! आणि मग दोन-चार वर्षांनी तेच पोर खायला लागतं. घरात आनंदीआनंद होतो. तो आनंद फार टिकत नाही, कारण भूक थांबतच नाही. पोट भरलं हे डोक्याला कळतच नाही. मूल कच्चे तांदूळ खातं, शेजाऱ्यांकडे शिरतं, कचऱ्याच्या डब्यात हात घालतं. वेळेत बदल झाला, कुणी नाही म्हटलं, की आकांत. अंगाची कातडी खरवडून खरवडून रक्त काढतं. लोक म्हणतात, आईनं लाडावून ठेवलंय.

हे लोकांना समजावायचं कसं? बाईंची हातोटी मी डोळ्यांनी पाहिली आहे. रोह्याच्या अलीकडच्या एका गावात एक म्हातारी बाईंवर उसळली होती, "भूक लागते हा काय रोग हाय? उपाशी मारायचं पोराला?" बाईंनी अंगणातल्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. "आजी, टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते ना? या पोराच्या टाकीला ती बंद व्हायची कळच नाही. मोटर चालूच. आता टाकी फुटू द्यायची, की बाहेरून कोणीतरी बटण बंद करायचं?" म्हातारी टाकीकडे बघत राहिली. आम्ही निघताना म्हणाली, "बाय, तू परत ये गो." बाईंना 'गो' म्हणणारी ती एकटीच. बाई त्यावर दोन दिवस खूश होत्या.

जिल्ह्यातली अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं बाईंनी शोधून काढली. पदरमोड करून, एसटीनं, रेल्वेनं, कधी माझ्या मोटरसायकलवर मागे बसून. प्रत्येक घरात एक वही. मुलानं काय खाल्लं, किती, कधी, आणि त्या दिवशी वागणं कसं होतं, हे आईनं लिहायचं. आमच्यापैकी एकानं दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी जायचं, वजन करायचं, वही तपासायची. घरात अन्न कुलपात आणि जेवण घड्याळावर ठेवलं, तर मुलांचं वजन आणि आकांत दोन्ही आटोक्यात येतात का, हे बाईंना पाहायचं होतं. ज्यांचं वजन आटोक्यात राहील त्यांना मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शनं सुरू होणार होती. वजन फार वाढलेल्या मुलाला ती देता येत नाहीत, जिवाला धोका असतो. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आम्हा घरोघर जाणाऱ्यांना बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मुलाच्या हातात खाण्याचा कण द्यायचा नाही. बिस्कीट नाही, गोळी नाही, प्रसादसुद्धा नाही.

माझ्याकडे गुरुवारचं घर होतं शाहीनभाभींचं. कुंडलिकेच्या काठचं गाव, नवरा अनीसभाई कुवेतला, घरात सासू आणि सात वर्षांची रुखसार. शाहीनभाभींच्या गळ्यात काळ्या गोफात स्वयंपाकघराची किल्ली. दाराला कुलूप, फ्रीजला साखळी. सासू येताजाता टोमणा मारायची, "मुर्गीला दाना घालतंय ना आपन, तुझ्या पोरीला तेवढा पन नाय." शाहीनभाभी ऐकून घ्यायच्या आणि वही लिहायच्या. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. भात किती चमचे, भाकरी किती, सगळं. रुखसार मोठी गोड पोर. चित्रांचे तुकडे जुळवण्यात असली हुशार की मी अर्धा तास डोकं खाजवावं आणि तिनं पाच मिनिटांत आख्खं चित्र पुरं करावं.

आता माझं. माझी आई पेणमध्ये पोह्याचे पापड करायची. पापड लाटण्याआधीच्या पिठाच्या गोळ्या, आम्ही त्यांना लाट्या म्हणतो, तेलात बुडवून खाल्ल्या की पापड कोण मागतो! पहिल्या गुरुवारी मी निघालो तर आईनं हटकलं, "लेकराच्या घरी चाललास आनि रिकाम्या हातानं? कुनाच्या पोटचा तू? लाज नाय वाटत?" आमच्याकडे ही रीत आहे. मूल असलेल्या घरी हात हलवत जाणारा माणूस म्हणजे माणूसच नव्हे. मी आईला नियम सांगितला. ती म्हणाली, "डॉक्टरलोकांला काय कळतंय मायेतलं?" आणि स्टीलचा छोटा डबा माझ्या पिशवीत घातला.

खरं सांगतो, आईवर ढकलण्यात अर्थ नाही. डबा मी रस्त्यात टाकू शकत होतो. त्या साखळीकडे आणि त्या कुलपाकडे पाहून मला वाटत होतं, या घरात माया असलेला मीच एक. रुखसार मला सोडायला कुंपणापर्यंत यायची. तिथं जास्वंदीच्या आडोशाला तिनं त्या लाट्या दोन मिनिटांत फस्त केल्या. मी म्हटलं, "आईला सांगायचं नाही हं. सांगितलंस तर बंद." सात वर्षांच्या आजारी पोरीला मी हे शिकवलं.

दर गुरुवारी. डबा छोटा होता तो मोठा झाला. आणि दर गुरुवारी वजन वाढलेलं मीच काट्यावर वाचायचो आणि मीच लिहायचो. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही, असं म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवाल का? पडला होता. मी दिवा मालवला.

मग मुंबईहून एक तज्ज्ञ मुलांची निवड करायला पेणला आले. आया वह्या घेऊन बसलेल्या. त्यांनी शाहीनभाभींची वही पाहिली, माझा वजनाचा कागद पाहिला, आणि म्हणाले, "एवढ्या खाण्यावर एवढं वजन वाढणं शक्य नाही. आई खोटं लिहिते आहे." शाहीनभाभी उभ्या राहिल्या. "अल्लाची कसम डॉक्टरसाब, मी चोरून एक दाना नाय दिला." तज्ज्ञ माझ्याकडे वळले, "तुम्ही दर आठवड्याला जाता. तुमचं मत काय?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. शाहीनभाभी तर अशा पाहत होत्या की आता म्हात्रेभाई सांगतील आणि मिटेल. मी म्हटलं, "आईची माया असते हो साहेब. देत असतील काहीतरी."

"म्हात्रेभाई," त्या म्हणाल्या, "तुमी पन?"

मी दवाखान्याच्या नोंदवहीत लिहिलं, 'आईच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत.' खाली झोकात सही केली. रुखसारचं नाव यादीतून मागं पडलं.

त्या तज्ज्ञांनी निकाल दिला तरी बाईंनी वही मिटली नाही. शाहीनभाभींची वही त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. त्यात दर गुरुवारी एकसारखं काहीतरी होतं. 'सकाळपासून दार सोडत नाय.' 'गुरवार हाय का, धा वेळा विचारलं.' 'म्हात्रेभाई गेल्यावर कुंपनापाशीच घुटमळते.' या आजाराचं मूल खाण्याशिवाय कशाची एवढी वाट पाहील? पुढच्या गुरुवारी बाई मला म्हणाल्या, "आज तुम्ही इथं थांबा, मी जाते," आणि रोह्याच्या गाडीत बसल्या. शाहीनभाभी वही आणायला आत वळल्या तेवढ्यात रुखसारनं बाईंच्या पर्समध्ये कोपरापर्यंत हात घातला आणि विचारलं, "म्हात्रेकाकाचा डबा?"

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या घरी आल्या. आईनं पाट मांडला. बाईंनी लाट्या मागून घेतल्या, एक खाल्ली, वाहवा केली. मग पर्समधून छोटा काटा काढला, एक लाटी तोलली आणि आईला विचारलं, "तेल किती घालता हो?" आईला आभाळ ठेंगणं झालं. "घ्या, बाईंला पन आवडल्या!" ती मरेपर्यंत शेजारणींना सांगायची की माझ्या लाट्या संशोधनात गेल्यात. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि धरणी दुभंगेल तर बरं, असं वाटत होतं.

दवाखान्यात आल्यावर बाईंनी आकडेमोड केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "जुळतंय. वरचं वजन या डब्याचं आहे. शाहीनचं नाही."

"बाई, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून..."

"म्हात्रे, त्या घरी रिकामे हातच न्यायचे होते. तेच औषध होतं."

त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मुंबईला पत्र लिहिलं. मी टपालात टाकायला घेऊन गेलो म्हणून वाचलं. 'चूक आमच्या पथकाची आहे. माणसांना नीट तयार करण्यात मी कमी पडले.' माझं नाव नव्हतं. एवढ्या मोठ्या बाईंनी आपल्या नावावर माझं शेण घेतलं. शाहीनभाभींना त्या म्हणाल्या, "तुझी वही खरी होती. चूक आमच्याकडची." भाभींनी विचारलं, कुनाची? बाई म्हणाल्या, "ज्याची आहे तो सांगेल."

तो सांगेना. भाभींना वाटलं, काटा बिघडला असेल. सासूला आणि कुवेतला अनीसभाईंना वाटलं, डॉक्टरीणबाई हिला सांभाळून घेतायत. अनीसभाई कितीतरी महिने बायकोशी फोनवर धड बोलले नाहीत. हे मला भाभींनीच सांगितलं, माझ्यासमोर चहा ठेवून.

मला वाटलं होतं, बाई मला काढून टाकतील. मी विचारलंही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला काढलं तर त्या मुलीचा गुरुवार बदलेल. तिला ते सोसणार नाही. तुम्हीच जायचं, रिकाम्या हातानं." गेलो. रुखसार माझ्यावर धावून यायची, "डबा दे! डबा दे!", शर्ट फाडायची, डबा नाही म्हटल्यावर स्वतःचे हात ओरबाडायची. कित्येक गुरुवार असे गेले. आणि शाहीनभाभी तिला मागं ओढत म्हणायच्या, "माफ करा म्हात्रेभाई, कुनाकडे पन डबा मागते ती. उगाच तुमच्यावर धावते." मी म्हणायचो, "असू दे, असू दे." किती मोठं मन माझं!

वजन उतरलं. इंजेक्शनं सुरू झाली, पण एक वर्ष उशिरा. वाढीच्या वयातलं ते वर्ष गेलं ते गेलंच, ते कुठल्या इंजेक्शनात मिळत नाही. रुखसार आज सतरा वर्षांची आहे, तिचं डोकं माझ्या छातीशी येतं. दर ईदला शाहीनभाभी माझ्या घरी शीरखुर्म्याचा डबा पाठवत आल्या. तो डबा उघडताना माझं काय होत असेल, कल्पना करा.

बाईंनी या दहा वर्षांत एकदाही विषय काढला नाही. माझ्या बायकोच्या ऑपरेशनला त्या दवाखान्याच्या बाकावर दिवसभर बसून राहिल्या. आई गेली तेव्हा पहिल्या आल्या. फक्त ती नोंदवही कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवायच्या, माझ्या हाताला येईल अशी. 'आईच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत.' त्यावर रेघ नव्हती. बाई सहज मारू शकत होत्या. पण लिहिलं मी होतं.

समितीचं पत्र आलं आणि मला वाटलं, आता हे छापून येणार. 'काटेकोर नोंदी.' शाहीनभाभी ते वाचणार, कारण त्यांनाही निमंत्रण आहे.

गेल्या गुरुवारी गेलो. वजन केलं, वही पाहिली, आणि उभ्या उभ्या सांगितलं. लाट्या, जास्वंद, 'आईला सांगायचं नाही', पेणची ती बैठक. काही गाळलं नाही. शाहीनभाभी ऐकत राहिल्या. त्यांचा हात गळ्यातल्या किल्लीवर होता. मी म्हटलं, "भाभी, मला माफ—" त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. मोबाईल काढला, कुवेतला लावला आणि माझ्यापुढे धरला.

"मला नको सांगू. मला ठावं होतं मी दिलं नाय ते. ह्यांला सांगा. आत्ता."

दहा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा 'अहो'चं 'अरे' केलं, आणि तेही अर्ध्याच वाक्यात.

मी फोन घेतला. "अनीसभाई, पेणचा म्हात्रे बोलतोय. रुखसारला तेव्हा चोरून खायला मी देत होतो. भाभी नाही."

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता. "तुमी?"

"मी."

"आनि त्या डॉक्टरपुढे बोललाव ते?"

"खोटं बोललो."

यंत्रांचा आवाज दूर गेला, अनीसभाई बाजूला आले असावेत. मग म्हणाले, "फोन तिला द्या."

भाभी फोन घेऊन आत गेल्या. आतून शब्द कळत नव्हते, फक्त त्यांचं रडणं कळत होतं. रुखसार चटईवर चित्राचे तुकडे जुळवत होती. तिनं मान वर केली. "म्हात्रेकाका, डबा?" आता ती ओरडत नाही, सवयीनं विचारते. मी दोन्ही हात उघडून दाखवले. तिनं नीट पाहून घेतलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "जेवन साडेबाराला," ती म्हणाली आणि परत तुकड्यांत रमली.

भाभी बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. "आज चहा नाय करनार मी."

"नको, भाभी."

"हे छापनार हाव ना? नावासकट छापा. माझं पन नाव घाला, ह्यांचं पन." मी दारापाशी पोचलो तेव्हा मागून म्हणाल्या, "पुढल्या गुरवारी या. पोरीचं वजन हाय."

तसाच पेणला आलो. बाई दवाखान्यात होत्या. खालच्या फळीवरची वही काढली, पान उघडलं आणि त्या ओळीवर एकच रेघ मारली. शेजारी सही केली. बाई उठून आल्या, वाकून पाहिलं. "खालचं वाचता येतंय?"

"येतंय."

"मग तारीख घाला." आणि चष्मा पुसत बसल्या, जरा जास्तच वेळ.

समितीला विनंती, पत्रातलं ते 'काटेकोर नोंदी'चं वाक्य ग्रंथात घेणार असाल तर तसंच घ्या, पण त्यावर रेघ मारून. सही माझी घ्या.

आणि बाई, तुम्हाला काय शुभेच्छा देऊ? तब्येत सांभाळा, गुडघ्यांचं औषध चुकवू नका, रोह्याच्या गाडीत उभ्यानं जाऊ नका. खूप जगा. तुमच्या हाताखाली माझ्यासारखी माणसं आहेत, आम्हाला एक रेघ मारायला दहा वर्षं लागतात.